सावंतवाडीत गंजिफा, लाकडी खेळणी आणि चित्रकथी : काय पाहावे, कसे पारखावे, कसे घ्यावे

मुंबईहून गोव्याकडे निघालेला प्रवासी हल्ली झाराप ते पत्रादेवी या वळणरस्त्याने सुसाट पुढे जातो आणि सावंतवाडी त्याच्या डाव्या हाताला राहून जाते. जे थोडे लोक गावात शिरतात, त्यांतले बरेचसे मोती तलावाच्या काठी चहा घेतात, चितार आळीतल्या पहिल्या दुकानातून लाकडी आंबे आणि केळी उचलतात आणि गाडीत बसतात. एवढ्याशा भेटीत सावंतवाडी हाती लागत नाही. या गावात हातकामाची दुकाने आणि लहान लहान संग्रह एकमेकांत मिसळलेले आहेत: राजवाड्यातला संग्रह पाहता पाहता शेजारी कारागीर काम करताना दिसतो आणि आळीतल्या दुकानाच्या मागच्या बाजूलाच कारखाना निघतो. म्हणून माझा आग्रह एकच आहे. आधी संग्रह पाहावा, मग हात चालताना पाहावेत आणि खरेदी सर्वांत शेवटी करावी. हा क्रम पाळला की डोळ्याला चांगल्या-वाईटाचा फरक कळू लागतो, आणि पैसेही योग्य वस्तूवर, योग्य माणसाच्या हातात पडतात.

वेळ आणि मुक्काम

या कामासाठी एक रात्र सावंतवाडीत राहणे आवश्यक आहे. पहिल्या दिवशी सकाळी राजवाडा आणि संध्याकाळी चितार आळी पाहावी. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रकथी पाहायला कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन यावे आणि परत येऊन खरेदी करावी. दुपारचा वेळ यात मोकळा सोडला आहे, कारण कोकणातल्या गावांत दुपारी दुकानांची फळकुटे लागतात आणि चार वाजेपर्यंत बाजार विश्रांती घेतो. त्या वेळेत जेवण करावे, तलावाभोवती सावलीने फिरावे. घाईच्या माणसाला ही दुपार वाया गेल्यासारखी वाटते, पण गावाची चाल तीच आहे.

रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की कोकण रेल्वेचे सावंतवाडी रोड हे स्थानक गावापासून काही किलोमीटर दूर आहे. तिथून रिक्षा किंवा एसटी धरावी लागते. सगळ्याच गाड्या तिथे थांबत नाहीत, म्हणून कुडाळला उतरण्याचा पर्यायही पाहून ठेवावा. गावात आल्यावर मात्र वाहन लागत नाही. तलाव, राजवाडा आणि चितार आळी ही सगळी पायी फिरण्याच्या अंतरावर आहेत. ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात आंबोलीच्या गर्दीचा ताण असतो आणि दमट हवेत नवे रंगकाम नीट वाळत नाही. गणेशचतुर्थीच्या आधीच्या आठवड्यांत गणपतीच्या शाळांमध्ये, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्यांत, रात्रंदिवस काम चालू असते. ते पाहण्यासारखे असले, तरी त्या घाईत कारागिराकडे तुमच्याशी निवांत बोलायला वेळ नसतो.

राजवाडा : गंजिफा वाचायला शिकणे

मोती तलावाच्या काठचा हा जांभ्या दगडाचा राजवाडा तिसरे खेम सावंत यांच्या काळातला आहे. त्यांची कारकीर्द 1755 ते 1803 अशी होती. त्याचा काही भाग माफक शुल्क देऊन पाहता येतो. पाहण्याच्या वेळा आणि सुटीचा दिवस बदलत असतो, म्हणून आदल्या दिवशी फोन करून किंवा फाटकावर विचारून खात्री करून घ्यावी. दरबार हॉलमध्ये चित्रे, जुन्या वस्तू आणि संस्थानी थाटाचे सामान आहे. परंतु ज्यासाठी इथे यायचे ती वस्तू तळहातावर मावते. ती म्हणजे गंजिफा, हाताने रंगवलेली वाटोळी खेळायची पाने.

हा खेळ इराणकडून मोगल दरबारात आला आणि पुढे देशभर पसरताना त्याने ठिकठिकाणची रूपे घेतली. मोगल गंजिफेत आठ गट आणि 96 पाने असतात. आपल्याकडे रुजली ती दशावतारी गंजिफा: दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येक गटात बारा पाने, म्हणजे एकूण 120. बारापैकी एक राजा, एक प्रधान आणि उरलेली एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा. राजाच्या पानावर अवतार स्वतः विराजमान असतो आणि प्रधानाच्या पानावर बहुधा घोडेस्वार दिसतो. बाकीच्या पानांवर त्या अवताराचे चिन्ह पानाच्या किमतीइतक्या वेळा काढलेले असते. मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू ही चिन्हे लगेच ओळखू येतात. कोणत्या गटाला कोणते चिन्ह हे संचागणिक थोडे बदलते, म्हणून कारागिराला विचारत विचारत एक गट पूर्ण वाचून पाहावा. ज्यांनी या जिल्ह्यातल्या जत्रांत दशावतारी नाटके रात्र जागवून पाहिली आहेत, त्यांना ही पाने परकी वाटणार नाहीत.

खेळाचे नियम थोडे तरी समजून घ्यावेत, कारण त्याशिवाय संचाची रचना कळत नाही. तीन खेळाडू बसतात आणि प्रत्येकाला चाळीस पाने येतात. दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याने उतारी करायची आणि रात्री खेळ असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने. पाच गटांत दश्शी वरचढ आणि एक्का सर्वांत हलका, तर उरलेल्या पाचांत हेच उलटे असते. हुकमाचे पान या खेळात नाही. कोणती पाने पडून गेली हे डोक्यात ठेवणे हीच खरी कसोटी आहे. मुलांना बरोबर नेले असेल तर हे नियम राजवाड्याच्या पायरीवर बसूनच सांगावेत, कारण नियम कळलेले मूल काचेमागचे पान वेगळ्याच डोळ्यांनी पाहते.

छापील पत्ते स्वस्त झाले तसा गंजिफेचा खेळ मागे पडला आणि पाने रंगवणारे हातही कमी होत गेले. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी या कामात लक्ष घातले, तेव्हा हे तंत्र पुरते जाणणारे वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी हेच उरले होते. राजा-राणींनी त्यांच्याकडून ते समजून घेतले, स्थानिक तरुणांना शिकवले आणि राजवाड्यातच कामाला जागा दिली. सत्त्वशीलादेवी 2018 मध्ये निवर्तल्या. त्यांनी लावून दिलेली घडी अजून मोडलेली नाही. दरबार हॉलमध्ये बसून रंगवणारी माणसे दिसतात ती त्या प्रयत्नामुळे, हे प्रवाशाला ठाऊक असले पाहिजे.

त्या माणसांजवळ थोडा वेळ उभे राहावे. आधी परवानगी मागावी आणि फोटो तर विचारल्याशिवाय काढूच नये. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर डकवून चकती तयार होते, तिच्यावर पांढरा लेप बसतो, मग दगडाने घोटून ती इतकी गुळगुळीत केली जाते की कुंचला कुठे अडखळत नाही. त्यानंतर गटाचा जमिनीचा रंग, मग आकृती, मग बाह्यरेषा आणि शेवटी वरचा चकाकता थर. बाह्यरेषा ओढताना कारागिराचा श्वास थांबतो आणि पान फिरते, हात जागचा हलत नाही. वाटोळ्या किनारीची रेघ एका दमात कशी पूर्ण होते हे तिथे बसून पाहिल्यावर पुढे दुकानात कोणत्या पानाला किती मोल आहे हे सांगावे लागत नाही.

गंजिफेचा संच पारखताना

पूर्ण दशावतारी संच हाती रंगवायला पुष्कळ दिवस लागतात आणि त्याची किंमतही त्या श्रमाला साजेशी, हजारांच्या घरात असते. म्हणून घाईने निर्णय करू नये. जुन्या काळापासून या पानांत दोन प्रती चालत आल्या आहेत: बारीक काम, भरगच्च किनार आणि तपशीलवार आकृत्या असलेली दरबारी, आणि साधी, ठसठशीत, मोजक्या रेषांची बाजारी. बाजारी प्रत म्हणजे हलका माल, असे समजण्याचे कारण नाही. खेळायला तीच सोयीची पडते आणि तिच्या मोजक्या रेषांत जो जोर असतो तो मला कित्येकदा दरबारी पानांपेक्षा अधिक आवडतो. भिंतीवर लावायला किंवा जपून ठेवायला दरबारी, खेळायला बाजारी, असा साधा विचार करावा.

संच उघडल्यावर आधी पाने मोजावीत. मग एकाच गटातली दोन पाने शेजारी ठेवून एकेक चिन्ह नीट न्याहाळावे. हाताने काढलेले दोन मासे कधीच तंतोतंत सारखे नसतात. शेपटीचा बाक, डोळ्याचा ठिपका कुठे तरी बदलतोच. सगळे मासे एका साच्यातून पडल्यासारखे दिसले तर ते छापील काम असण्याचा संभव आहे. छापील घ्यायला हरकत नाही, किंमत मात्र छापीलाचीच द्यावी. त्यानंतर पान आडवे धरून उजेडात फिरवावे: कड उललेली नसावी, वरचा थर चिरा पडलेला किंवा फुगलेला नसावा. सगळ्या पानांची पाठ अगदी एकसारखी हवी, नाही तर खेळताना पाठीवरून पान ओळखू येईल आणि संच निव्वळ शोभेचा ठरेल. शेवटी डबी पाहावी. रंगवलेल्या लाकडी डबीचे सरकते झाकण अडत असेल तर तिथल्या तिथे सांगून घासून घ्यावे. नंतर दमट हवेत ते आणखी घट्ट होते.

संपूर्ण संच परवडत नसेल तर चौकटीत बसवलेली सुटी पाने मिळतात, नेहमीच्या 52 पत्त्यांचे वाटोळे रूप मिळते आणि गंजिफेची नक्षी असलेल्या छोट्या वस्तूही मिळतात. आवडत्या एका अवताराचा बारा पानांचा गट सांगून करवून घेता येईल का, हे विचारावे. आगाऊ रक्कम आणि पोहोचण्याची मुदत कागदावर लिहून घ्यावी, आणि मुदतीत दोन आठवडे इकडेतिकडे झाले तर कुरकुर करू नये.

चितार आळी

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास आळीत शिरावे. दुकानांच्या दर्शनी भागात फळांच्या राशी असतात: आंबा, केळी, सीताफळ, कारले, वांगी, देठासकट लाल मिरच्या. रुखवतात मांडायला, देवघरापुढे सजवायला, बैठकीच्या परडीत ठेवायला लोक ती पिढ्यान् पिढ्या नेत आले आहेत. पहिल्या फेरीत काहीही विकत घेऊ नये. आळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन प्रत्येक दुकानातले एकच फळ, समजा सीताफळ, हातात घेऊन पाहावे. सीताफळ मुद्दाम सांगतो, कारण त्याचे डोळे कोरायला वेळ लागतो आणि ज्याला घाई आहे तो ते रंगाने उरकतो. चांगल्या फळात खवल्यांमधल्या खाचा बोटाला लागतात आणि खाचेच्या तळाशी गडद छटा असते. उरकलेल्या फळात पृष्ठभाग सपाट आणि खवले नुसते रंगवलेले असतात. कारल्याचे काटे आणि आंब्याच्या देठाजवळची खळगी यांवरूनही हेच कळते. एकाच वस्तूची अशी तुलना केली की कोणत्या दुकानात परत यायचे ते आपोआप ठरते.

खेळणी आणि फळे यांसाठी पांगाऱ्याचे लाकूड पूर्वीपासून वापरात आहे, कारण ते हलके आणि कापायला मऊ असते. त्याचा दोषही त्यातच आहे: नीट वाळवलेले नसेल तर त्याला कीड लवकर लागते. म्हणून वस्तू उलटी करून तळ पाहावा. टाचणीएवढी भोके दिसली किंवा झटकल्यावर बारीक भुसा पडला तर ती वस्तू ठेवून द्यावी. देठ नुसता खळीने चिकटवलेला आहे की भोक पाडून आत बसवलेला आहे, हे हलकेच हलवून तपासावे. नुकत्याच दिलेल्या रंगाचा उग्र वास येत असेल तर तो माल अजून सुकलेला नाही. फार लहान मुलांसाठी घेत असाल तर रंग कोणता वापरला आहे हे दुकानदाराला सरळ विचारावे. शोभेची फळे तोंडात घालण्यासाठी केलेली नसतात आणि चांगला दुकानदार ते स्वतःहून सांगतो.

भातुकलीचे संच पाहताना कामाची पारख वेगळी. जाते फिरते का, मुसळ उखळात नीट बसते का, लाटणे पोळपाटावर सरळ गडगडते का, हे सगळे दुकानातच खेळून पाहावे. पाट किंवा चौरंग घ्यायचा असल्यास तो फरशीवर ठेवून चारही कोपरे दाबावेत; डुगडुगला तर पाय कमीजास्त आहेत. मोठ्या वस्तूंत लाकूड कोणते आहे हे विचारावे आणि पावतीवर लिहून घ्यावे. पाळण्याच्या दांड्या, रंगीत खुंट्या, नक्षीची आसने असे मोठे काम मागणीप्रमाणे करून देणारे कारागीर आळीत आणि जवळच्या कोलगावातही आहेत.

आळीत बाहेरगावचा, यंत्रावर काढलेला मालही काही दुकानांत येतो. त्यात गैर काही नाही, फक्त तो सावंतवाडीचा म्हणून घेऊ नये. “काका, हे इथेच घडवलेले का? काम कुठे चालते?” असे आपुलकीने विचारले, तर ज्याच्या मागच्या खोलीत लाकडाचा भुसा पडलेला आहे तो तुम्हाला बहुधा आत नेतो. सावंतवाडीच्या गंजिफेला आणि लाकडी कामाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, तेव्हा त्याबद्दल विचारणे अगदी रास्त आहे.

भावाबद्दल थोडेसे. जिथे कारागीर स्वतः विकतो तिथे एका फळामागे पाच-दहा रुपये पाडून घेण्यात मला तरी शोभा दिसत नाही. अनेक वस्तू एकत्र घेत असाल तर एकूण बेरजेवर विचारावे. लोक आनंदाने काही तरी कमी करतात किंवा एखादी मिरची वर घालतात. रोख पैसे जवळ असू द्यावेत.

पिंगुळीचा संग्रह

दुसऱ्या दिवशीची सकाळ पिंगुळीसाठी. सावंतवाडीहून कुडाळ साधारण वीस किलोमीटर आहे आणि पिंगुळी कुडाळला लागूनच आहे. राऊळ महाराजांच्या मठासाठी इथे भाविकांची ये-जा असते, पण आपल्याला जायचे आहे ते गुढीपूरला, ठाकर आदिवासी कला आंगण या संग्रहालयात. परशुराम गंगावणे यांनी आपल्या घराजवळच्या गोठ्याचे रूपांतर करून ते उभे केले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काचेची दालने आणि पाट्यांची रांग यांची अपेक्षा ठेवून जाऊ नये. हे घराच्या अंगणातले संग्रहालय आहे आणि त्याचे बळ असे की वस्तू दाखवणारा माणूस ती वस्तू वापरतो.

इथे तीन गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत. पहिली चित्रकथी: एका आख्यानाची चित्रे क्रमाने लावलेली पोथी असते आणि कथेकरी एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगतो. दुसरी कळसूत्री बाहुल्या, दोरांवर नाचणाऱ्या लाकडी. तिसरी चामड्याच्या छायाबाहुल्या, ज्या दिव्याच्या उजेडात पडद्यावर जिवंत होतात. चित्रकथीची जुनी पाने पाहताना घाई करू नये. बाजूने दाखवलेले चेहरे, मोठे टपोरे डोळे, समोरासमोर उभे ठाकलेले योद्धे आणि मागे मोकळी सोडलेली जमीन, हे सगळे दुरून, दिव्याच्या उजेडात, गाणे ऐकत पाहण्यासाठी काढलेले आहे. म्हणून एक तरी प्रसंग गाऊन दाखवण्याची विनंती करावी. हुडूक आणि टाळ यांच्या साथीत चित्र पुढे आले की त्याची रचना अशी का आहे ते कळते.

यासाठी दोन-तीन दिवस आधी फोन करून जाणे बरे, कारण मंडळी कार्यक्रमांसाठी गावोगावी असतात आणि नवरात्रात देवळांतले मान असतात. प्रयोगाची बिदागी आधी विचारून ठरवावी. माणसे संकोचाने आकडा सांगत नसतील तर आपणच मोठ्या मनाने द्यावी. पिंगुळीत ही कला जपणारी एकाहून अधिक घरे आहेत, तेव्हा एकाकडे जाऊन दुसऱ्याबद्दल तुलनेचे बोल काढू नयेत.

घ्यायचे ते नवे चित्र घ्यावे. जुन्या पोथीतले एखादे पान कुणी, कुठेही, विकायला काढले तरी हात लावू नये. एक पान गेले की आख्यान तुटते आणि ती पोथी पुन्हा कधी गाता येत नाही. शिवाय पुराणवस्तू व कलासंपदा अधिनियम, 1972 प्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि 75 वर्षांहून जुनी हस्तलिखिते यांच्या विक्रीवर निर्बंध आहेत आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. राजवाड्यात किंवा पिंगुळीत जे पाहिले तसेच नवे काम चालू हातांकडून करवून घेणे, हीच या कलांना खरी मदत आहे. चित्राच्या मागे कलाकाराची सही, प्रसंगाचे नाव आणि वर्ष लिहून मागावे.

बांधाबांध आणि प्रवास

लाकडी फळे एकमेकांना घासली तर रंग जातो, म्हणून प्रत्येक फळ वेगळ्या कागदात गुंडाळावे. छापील वर्तमानपत्राची शाई ताज्या रंगाला चिकटते, तेव्हा कोरा कागद किंवा जुने धुतलेले सुती कापड बरोबर न्यावे. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद बांधू नये, कारण आत दमटपणा कोंडला की बुरशी धरते. गंजिफेची डबी उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नये; उष्णतेने वरचा थर मऊ पडून पाने एकमेकांना चिकटू शकतात. चित्र घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीत सैल गुंडाळावे. घरी आल्यावर फळे कोरड्या मऊ फडक्यानेच पुसावीत आणि पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नयेत.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी दोन सूचना. वस्तू नवी असून सावंतवाडीत किंवा पिंगुळीत घडवलेली आहे, असे स्पष्ट लिहिलेली पावती घ्यावी. जुन्या धाटणीच्या चित्रांबद्दल विमानतळावर विचारणा झाली तर ती उपयोगी पडते. आणि ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणार असाल, तर लाकडाची प्रत्येक वस्तू उतरताना अर्जावर जाहीर करावी आणि सहज काढून दाखवता येईल अशी सामानात वरच ठेवावी. तिथले अधिकारी किडीच्या खुणा शोधतात, म्हणून खरेदी करतानाच तळाची भोके तपासून घेण्याचा आग्रह अशा प्रवाशांनी दुप्पट धरावा.